न उघडलेल्या दाराची मोजणी

मी बसच्या दारावरचा डोळा बोलतोय. बसमध्ये चढताना वर बघा जरा. घड्याळाशेजारी बटणाएवढी काळी काच दिसते ना, तसाच मी. दार उघडलं की चढणारी-उतरणारी माणसं मोजायची आणि आकडा कचेरीत पाठवायचा, हे माझं काम. दार मिटलेलं असताना दिसतं सगळं, पण मोजता येत नाही. माझ्या जन्माचं दुखणं ते हेच.

नवा होतो तेव्हा फार ऐटीत होतो. माणसांनी मला कमी छळलं नाही. एक जण चढायचा, छत्री राहिली म्हणून उतरायचा, पुन्हा चढायचा. दुसरा आत जागा असूनही पायरीवरच ठाण मांडायचा. तरी माझा हिशेब कधी चुकला नाही.

पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर एक आजी आणि त्यांची सून चढत. आजींची मूत्रपिंडं थकली होती. एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. आधी काठी वर येई, मग एक पाय, मग कुरकुर.

"धरू नकोस गं, पडेन मी!"

"नाही धरलं तर पडाल, आई."

सगळी बस हसायची. चालकही आरशात बघून हसायचा.

मग कचेरीने ठरवलं, बस वेळेवर पोचते की नाही एवढंच बघायचं. उशीर झाला की चालकाच्या नावापुढे लाल खूण. तिथून चालकाचं हसणं बंद झालं.

"अहो, आजी हात करतायत," वाहक म्हणाला.

"दिसतंय मला. त्यांना चढवण्यात वेळ जातो, पुढे सिग्नल लागतो आणि बोलणी मी खातो. मागून दुसरी बस येईल."

दुसऱ्या बसचा चालकही हेच म्हणत असणार. बस पुढे गेली. काचेतून मला काठी दिसली, हात दिसला. दार उघडलं नाही. मी शून्य पाठवलं. त्यानंतर बस तिथे थांबेनाशीच झाली आणि मी रोज शून्य पाठवत राहिलो. चीड यायची, पण करतो काय?

टाकीपाशी एकदम शून्य कसं, म्हणून मला काढून कचेरीत नेलं. मोजणी विभागातली ताई माझ्याखालून चालली, पुन्हा उलटी चालली. मी बरोबर मोजलं. खोटं बोलता आलं असतं तर त्या दिवशी बोललो असतो!

"डोळा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "पण साहेब, थांब्यावर मागे राहिलेली माणसं कोण मोजतं?"

"ते मोजायची सोय नाही आपल्याकडे."

"मग ती कशी करायची, ते आधी शोधायला नको का?"

"डोळा नीट आहे ना? मग शून्य म्हणजे शून्य. थांबा बंद करा."

मी निर्दोष ठरून बसवर परतलो आणि थांब्याचा खांब उखडला गेला. आमच्या मार्गाला वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते चालकाच्या डोक्यामागे लावलं. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

एके दिवशी टाकीपाशी, जिथे आता खांबही नव्हता, तिथे काठी टेकून आजी उभ्याच. चालकाने करकचून ब्रेक दाबला.

"या आजी. सावकाश या. व्हायचा तो उशीर होऊ दे."

आजींचा चेहरा सुजला होता. सुनेने धरलं तरी त्या कुरकुरल्या नाहीत. वर आल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं, मी दिसेनाशी झाले की काय."

त्या नीट बसेपर्यंत चालकाने बस हलवली नाही. मी दोन माणसं मोजली. इतकं आनंदाने मी कधीच मोजलं नव्हतं.

साहेबांनी तो आकडा पाहिला. जिथे थांबाच नाही, तिथे माणसं चढतील कशी? डोळा बिघडला! ताई सांगत राहिली, पण हिशेबातून माझी ती दोन माणसं पुसली गेली आणि माझ्या जागी नवा डोळा बसवला. लाल खूण मात्र चालकाच्या नावापुढे राहिली.

आता मी कचेरीतल्या खणात तुटक्या तारांसोबत पडून आहे. कुणीतरी एकदा कचेरीतून बाहेर पडा हो. टाकीपाशी उभे राहा, हात करा आणि मग काय मोजायचं ते ठरवा.

आजी अजून तिथे येतात का, हे मला इथून कळत नाही. कचेरीत विचारून उपयोग नाही. त्यांच्याकडे तो आकडाच नाही.