सुपारी फुटायच्या आधी

तातेराव सरपंचाच्या ओसरीवर आज सुपारी फुटणार होती आणि जनकाबाई सकाळपासून तिथे भांडी घासत बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण ज्या घरी पोरगा सालगडी, त्या घरी आईला वेगळं बोलवावं थोडंच लागतं? गेली, पदर खोचला आणि राखेने पितळी उजळू लागली. सून कमल आडाचं पाणी ओढत होती. सुनेला वाटलं, सासू पुढं पुढं करते आहे. सासू तर दोन वर्षं अशाच एखाद्या दिवसावर डोळे लावून होती.

सोयरीक रामकिशनची होती, सरपंचाच्या एकुलत्या एका पोराची. त्याची पहिली बायको गेल्या साली तापाने गेली, मागे दोन पोरी. तातेरावला वंशाला दिवा हवा होता, म्हणून आखाडा बाळापूरच्या किशनरावांची लेक पाहिली. लेक देखणी होती, घर तालेवार होतं, देण्याघेण्याचं सगळं जुळलं होतं.

आता जनकाबाईच्या पोटात काय जळत होतं, तेही ऐका.

आणीबाणीच्या उन्हाळ्यात गावोगाव नसबंदीच्या जीप फिरत होत्या. जीपचा आवाज आला की बापे माणसं नाल्यात जाऊन लपायची. तालुक्याच्या साहेबाने सरपंचाला ठणकावलं, आधी आपल्या घरापासून सुरुवात करा, मग गावाला सांगा. तातेरावने मान डोलावली. पण नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय पोराला सुरीखाली घालायला तो काय खुळा होता? त्याने गड्याला, जनकाबाईच्या मुंजाजीला, जीपमध्ये बसवलं.

मालकाच्या जागी गड्याने उभं राहायचं, ही त्या घरची रीतच. साखरेच्या रांगेत मुंजाजी, सोसायटीच्या खताला मुंजाजी. "रामकिशन तातेराव" असा पुकारा झाला की मुंजाजीने "जी" म्हणायचं. हिंगोलीच्या कॅम्पातही तसाच पुकारा झाला आणि हा भोळा सांब तसाच "जी" म्हणाला. त्याला वाटलं, खताचीच रांग आहे. टेबलावर निजवलं तेव्हा काय ते उमगलं, पण तोवर दोघांनी त्याचे दंड धरले होते. पोराच्या अंगाची हळदसुद्धा धड उतरली नव्हती.

"गावात बोललास तर लोक नामर्द म्हणतील," एवढं तातेरावने त्याला बजावलं. मुंजाजी फक्त आईजवळ रडला. आणि तातेरावचा झाला सत्कार! शाल, नारळ, लाऊडस्पीकर. "दोन पोरींवर माझ्या रामकिशननं नसबंदी केली," असं तो छाती फुगवून बोलला आणि ट्रकमध्ये भरून नेलेल्या गावाने टाळ्या वाजवल्या. गाव तेच खरं धरून बसलं. टाळ्या जनकाबाईनेही वाजवल्या. तिचे हात त्या दिवसापासून शिवशिवत होते.

पुढे कमलची कूस उजवेना. सरपंचीण मंजुळाबाई हळदीकुंकवाला सगळ्यांच्या ओट्या भरायची आणि कमलपाशी आली की ताट घेऊन पुढे सरकायची. कमल सोमवार करायची, नवस बोलायची. जनकाबाई तिला उपासाची भगर शिजवून द्यायची आणि गप्प राहायची. पोराची अब्रू झाकायची होती ना! सगळा राग ती तातेरावच्या नावाने साठवत गेली.

ओसरीवर मंडळी बसली. म्हाताऱ्या शेषरावांनी अडकित्ता घेतला, सुपारी धरली आणि रीत म्हणून विचारलं, "कोनाचं काही म्हननं?" या प्रश्नाला कोणी कधी उत्तर देत नाही, आणि सरपंचाच्या दारात तर सत्कार पाहिलेलं गावही तोंड उघडणार नव्हतं.

"माझं हाय," जनकाबाई राखेचे हात घेऊन ओसरीपुढे आली. "पाहुने, घर मोठं हाय, पोरगं गुनाचं हाय. नसबंदी झालेल्याला लेक देऊन राहिले, ते तुमाला ठावं हाय ना, एवढंच इचारते."

किशनरावांनी शेषरावांकडे पाहिलं. शेषराव खाली बघत म्हणाले, "सत्कार तर आमी बी पाहिला."

"जनके, तोंड आवर!" तातेराव ओरडला.

"मी काहून आवरू, मालक? तुमीच बोलले लाऊडस्पीकरवर. का खोटं बोलले?"

तातेरावच्या तोंडचं पाणी पळालं. हो म्हणावं तर सोयरीक गेली, नाही म्हणावं तर लाज गेली. जनकाबाईला त्याच्याकडे बघून इतकं बरं वाटलं, की तिला हसू आलं. तेवढ्यात रामकिशनच उठून उभा राहिला. "माझं काही झालेलं न्हाई, पाहुने! आईची आन!"

"मग सरपंच, झालं कोनाचं?" किशनरावांनी विचारलं.

तातेराव तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा, मालक," जनकाबाई पोराच्या अब्रूचंही भान सोडून म्हणाली. "लाऊडस्पीकर न्हाई आज."

"गड्याचं," तातेराव म्हणाला. "मुंजाजीचं."

किशनरावांनी शेषरावांच्या हातातली सुपारी काढून घेतली आणि जोड्यात पाय घातले. "परक्याच्या पोराला पुढं करनारा मानूस माझ्या लेकीला काय सोडनार?" म्हणाले आणि गाडी जुंपायला सांगितली. तातेराव त्यांच्या मागे हात जोडत धावला. गावाने ते डोळे भरून पाहिलं.

जनकाबाईचं मात्र भागलं नव्हतं. ती तडक माजघरात गेली. नव्या सुनेसाठी भरलेलं ओटीचं ताट तिने मंजुळाबाईच्या हातात दिलं. "भरा आता माझ्या सुनेची ओटी. वांझ ती न्हाई. तिची कूस तुमच्या मालकानं मारली."

मंजुळाबाईने खण उचलला. गलबला ऐकून आडावरून आत आलेल्या कमलने पदर पुढे केला नाही. ती सासूकडे पाहत होती.

"आत्याबाई, तुमाला कवापासून ठावं होतं?"

जनकाबाई राखेचे हात पदराला पुसू लागली.

"माझ्या सोमवाराची भगर तुमीच शिजवत होत्या ना?"

कमल आवाज चढवून बोलली नाही. तिने मंजुळाबाईच्या हातातला खण घेऊन ताटात परत ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली. जाताना तिने एकदाच वळून पाहिलं. ती नजर जनकाबाईला ओळखीची होती. दोन वर्षं ती स्वतः तातेरावकडे तशीच बघत आली होती.