पानांचे घागरे

खाण्याची नसलेली कुठलीही वस्तू चिलरमध्ये ठेवायची नाही, हा नियम भिंतीवर शुभ्रा दामलेनेच लावला होता. दुबईतल्या समुद्रकाठच्या त्या हॉटेलात ती हायजीन मॅनेजर होती. त्या दिवशी सकाळी तिनेच तो नियम मोडला.

मोडला तो पानांच्या घागऱ्यांसाठी. संध्याकाळी एका बिल्डरची पार्टी होती, नाव ‘हवाई नाइट’, आणि त्यासाठी खरोखरच हवाईहून गाणारे-नाचणारे लोक बोलावले होते. घागरे नाचणाऱ्या मुलींनी आपल्या हातांनी बांधले होते. हळदीच्या पानासारखी लांब, पण जाड आणि चकचकीत पानं. मधला दांडा सोलायचा, पान दुमडून दोरीवर गाठ मारायची, तिला खेटून पुढचं पान. ज्या मुलीचा घागरा, तिनेच तो बांधायचा. रंगीत तालीम आटोपल्यावर त्यांची गुरू नोहेआ ओल्या पंचात गुंडाळलेले घागरे घेऊन किचनच्या दाराशी आली. साठीची, भरल्या अंगाची, सावकाश बोलणारी बाई.

“या हवेत तासाभरात वाळतील,” ती इंग्रजीत म्हणाली. “गारव्यात राहिले, तर संध्याकाळी नाचता येईल.”

“तुमच्यासाठी प्लास्टिकचे आलेत ना?” शुभ्राने विचारलं. बँक्वेटच्या खोलीत हिरव्या झिरमिळ्यांचा खोका तिने पाहिला होता. सोबत नारळाच्या करवंट्यांच्या चोळ्याही होत्या.

“ते घालून आम्ही नाचत नाही.” नोहेआ रागावलेली नव्हती. आपला रक्तगट सांगावा तसं तिनं सांगितलं. “नाच झाला की पानं परत द्यायची असतात. मातीला नाहीतर समुद्राला. प्लास्टिक कोणाला परत देणार?”

शुभ्राने झाकणाचा क्रेट काढला, त्यात घागरे घालून तो भाज्यांच्या चिलरमध्ये सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला आणि वर लाल पट्टी चिकटवून लिहिलं, खाण्यासाठी नाही, हात लावू नये.

दुपारी चारला ती थंड कोळंबीचं तापमान घ्यायला गेली. ताटं पार्टीसाठी रांगेने मांडून तयार होती. थर्मामीटर खुपसताना कोळंबीखालचं पान दिसलं. तेल लावून चमकवलेलं. तिने चिमट्याने ते उचललं. वरच्या टोकाला गाठीचा दुमडा होता, आणि दुमड्यात अडकलेला एक लांब काळा केस खालच्या गुलाबी सॉसमध्ये लोळत होता.

“वासिफभाई, ही पानं कुठली?”

थंड पदार्थांचा शेफ वासिफ रत्नागिरीचा. तो हात पुसत आला. “निखिल सरांनी क्रेट आणून दिला मॅडम. म्हणाले, थीमची पानं आहेत, खाली पसरव. दोऱ्या बघून मला वाटलं होतं, पॅकिंग असेल.”

“वर लाल पट्टी होती.”

“माझ्यापर्यंत आली तेव्हा नव्हती.”

बँक्वेटचा प्रमुख निखिल पुण्याचा. बोलावल्याबरोबर हसत आला.

“पट्टी तू काढलीस?”

“अगं, क्लायंटला झिरमिळ्याच हव्यात. त्या चमकतात, व्हिडिओत छान येतात. या बायका ऐकेनात. आता पानंच नाहीत म्हटल्यावर घालतील. शिवाय ताटं बघ कशी दिसतायत. एका दगडात दोन पक्षी.”

“तालमीत घातलेले घागरे आहेत हे. घाम आहे यांच्यावर. अनवाणी पायांची धूळ आहे.”

“धुतलीत ना. आणि कोणाला कळणार आहे?” त्याने एक कोळंबी उचलली, तोंडात टाकली, आणि चावलेली शेपटी परत पानावर ठेवली. “बघ. मेलो का?”

शुभ्राला किळस आली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना तिने सांडपाण्याचे नमुने तपासले होते आणि त्याच दुपारी डबाही खाल्ला होता. घाणीची किळस तिला केव्हाच वाटेनाशी झाली होती. ही किळस त्या ओल्या शेपटीची नव्हती, घामाचीही नव्हती. गुढीपाडव्याला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी तंबोऱ्यावरून पाय टाकला, तेव्हा याच निखिलने स्टेजवरून खाली उतरून त्याला तंबोऱ्याला नमस्कार करायला लावला होता. तेव्हा तिला तो आवडला होता.

“तंबोरा आठवतो का तुला?” तिने विचारलं.

“कुठला? हां, तो. ते वेगळं गं. ती आपली कला आहे. ही थीम आहे.” त्याने रुमालाने बोटं पुसली. “चल, यल्ला, सातला गेस्ट येतील.”

शुभ्राने नळाखालचा भांडी घासायच्या साबणाचा कॅन उचलला. रद्द केलेलं अन्न कोणी परत वाढू नये म्हणून त्यावर साबण ओतायचा, हाही तिचाच नियम होता. पहिल्या ताटावर पिवळा साबण पसरला, तेव्हा निखिल हसत होता. दुसऱ्या ताटाला हसू थांबलं.

“तुला वेड लागलंय का? जीएमला काय सांगू?”

“माझं नाव सांग. मी लेखी देते.”

वासिफने उरलेली ताटं एकेक करून तिच्यापुढे सरकवली, मग सगळी कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली.

नोहेआ पाच वाजता घागरे न्यायला आली. निखिल पुढे झाला. “व्हेरी सॉरी, किचनची चूक झाली. प्लास्टिकचे तयार आहेत. नाहीतर शो कॅन्सल करावा लागेल.”

नोहेआने कचऱ्याच्या पिंपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “रोजच्या तालमीचे सुती घागरे आहेत आमच्याकडे.”

“ते मळके दिसतात.”

“धुतलेले आहेत. जुने आहेत फक्त.”

निखिलने घड्याळाकडे पाहिलं, मग धुतलेल्या रिकाम्या ताटांकडे. टेबलांवरची कोळंबीची जागा रिकामी राहणार होती, आता स्टेजही रिकामं ठेवायची त्याची छाती नव्हती. “काय घालायचं ते घाला,” तो मराठीतच पुटपुटला आणि निघून गेला.

मुली विटक्या सुती घागऱ्यांत नाचल्या. शुभ्रा सर्व्हिसच्या दारातून पाहत होती. नोहेआ चटईवर बसून भोपळ्याचं वाद्य जमिनीवर आपटत होती, हाताने थाप देत होती आणि खड्या आवाजात गात होती. मुलींचे गुडघे वाकलेले, हात पाण्यासारखे, आणि ठेका चुकत नव्हता एकीचाही. स्टेजपुढे पाहुण्यांनी सुटांवर प्लास्टिकच्या झिरमिळ्या बांधल्या होत्या. कोणीतरी करवंट्यांची चोळी शर्टावर चढवून छाती हलवून दाखवत होतं, आणि निखिल त्याचा व्हिडिओ काढत होता. नोहेआने त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाणं जिथे संपायचं तिथेच तिने संपवलं.

मग ती किचनमागे आली. गळ्याशी अजून घाम होता.

“ती पानं द्याल?” तिने शुभ्राला विचारलं. “कार्यक्रमात नाचली नाहीत, तरी त्यांना परत द्यायला हवं.”

शुभ्राने हातमोजे घातले आणि पिंपातून पानं काढली. कोळंबीचे तुकडे वेचून टाकले, सॉस निथळवला, फेस निपटला. नोहेआने एक पान हातात घेऊन नाकाशी नेलं. लिंबाचा वास आला असणार. साबण लिंबाचा होता.

“हे काय?”

“साबण. मी ओतला. ते अन्न कोणी खाऊ नये म्हणून.”

“धुतलं तर जाईल?”

शुभ्राला खोटं बोलता आलं असतं. “बरंचसं जाईल. सगळं नाही. पानात मुरलंय.”

नोहेआने अंगठ्याने पान चोळून पाहिलं. “तुमच्यावर राग नाही,” ती म्हणाली. “पण असलं काही मी समुद्राला देणार नाही, मातीलाही नाही.” तिने पान परत पिंपाच्या काठावर ठेवलं आणि मुलींकडे गेली.

शुभ्राने हातमोजे उतरवले. हात धुतले, पुन्हा धुतले. बोटांना लिंबाचा वास येतच राहिला. आतून निखिलचा आवाज आला, “मस्त झालं, क्लायंट खूश.” तिने पिंपाचं झाकण लावलं. झाकणाबाहेर एका पानाचं टोक राहिलं होतं. ते तिने आत ढकललं.