उशाशी कोण बसलंय?

"ताई, तो गळा दाबतो गं," धाकटीने एकदा फोनवर सांगितलं होतं. ताईच्या कडेवर तान्हं किंचाळत होतं, गॅसवर दूध उतू चाललं होतं. "अगं, भांड्याला भांडं लागायचंच. तूही जरा तोंड आवर," म्हणून तिने फोन ठेवला होता.

आता तीच धाकटी अतिदक्षता विभागात पडली होती. घशात नळी, नळीला श्वास देणारं मशीन, गळ्याभोवती काळानिळा वळ. तिने पंख्याला लटकून घेतलं, असं नवऱ्याने सांगितलं. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

नळी काढता येईल का, हे पाहायला डॉक्टरीणबाई रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवत, मशीनचा आधार कमी करत. धाकटी डोळे उघडायची, सांगितलं की मान उचलायची, खोकायचीही जोरात. पण थोड्याच वेळात ती धापा टाकू लागे, नाडी उधळे, आणि आधार पुन्हा वाढवावा लागे.

"छाती साफ, ताकद आहे. मग हिचं घोडं अडतंय कुठे?" डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

उशाशी नवरा बसलेला असे. आत एकालाच मुभा, आणि तो मान त्याचाच. ताईने आपण बसू का म्हणून विचारलं, तर धाकटीच्या सासूबाई फणकारल्या, "नवरा धडधाकट असताना माहेरचं कशाला कोण? पाहुण्यासारखं यावं नि जावं." ताई काचेबाहेर उभी राहिली. दिलेली लेक सासरची, हे तिच्याही अंगात मुरलं होतंच.

त्या सकाळी मात्र तिने पाहिलं. "घाबरू नकोस, मी आहे ना," म्हणत नवरा वाकला आणि त्याचा अंगठा त्या वळावर रुतला. धाकटीच्या टाचा गादीवर आपटू लागल्या.

"हात काढ!" ताई आत घुसली.

"तुमचा काय संबंध? माझी बायको आहे!" त्याने अशी कानाखाली हाणली की ती औषधांच्या ट्रॉलीवर कोसळली. मग त्याने नळीच मुठीत धरली. "ओढूनच काढतो! बघतो कशी तोंड उघडते ते!"

ताईने त्याच्या मनगटात दात रोवले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्याने तिचं डोकं पलंगाच्या दांडीवर आपटलं, पुन्हा आपटलं. नर्सने नळी धाकटीच्या ओठांशी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. रखवालदारांनी त्याला फरफटत बाहेर नेलं.

"घरातली गोष्ट आहे ही!" सासूबाई ओरडत राहिल्या.

"आम्ही नुसती छातीच तपासत बसलो," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना फोन लावला.

कपाळाला पट्टी बांधून ताई उशाशी बसली. आधार पुन्हा कमी केला. या वेळी श्वास संथ चालला. मग घशात नळीभोवती फुगवलेल्या छोट्या फुग्यातली हवा सोडून डॉक्टरीणबाईंनी कान दिला. नळीच्या कडेने हवा फुसफुसली. "सूज उतरलीय. काढू या."

नळी निघाली. धाकटी खोकली, रडली आणि फाटक्या आवाजात म्हणाली, "ताई... आता फोन ठेवू नकोस."

तुमचीही कुणी धाकटी असेल. बहीण, भाची, शेजारीण. "सगळं ठीक आहे" म्हणते ना? आजच फोन करा. आधी विचारा, जवळ कोण बसलंय. आणि दूध उतू चाललं, तर जाऊ द्या.