खुर्चीची कावीळ

जुन्या गोदामाच्या पुढच्या खोलीत सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात माणसं, जिन्यावर माणसं, खिडकीच्या गजांना लोंबकळलेली माणसं, आणि सगळ्यांचे डोळे एका चमच्यावर. चमच्याखाली स्पिरिटचा दिवा, चमच्यात चिमूटभर पांढरी राख, आणि चमचा धरून लाकडी खुर्चीत बसलेले बाबा. गावभर त्यांना चमचेबाबा म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

"ये पिवळे, ये! रक्तातून ये, डोळ्यांतून ये, नखांतून ये! इथं तुझं कोण आहे? कोणी नाही! मग बसलीस कशाला?"

समोरच्या म्हातारीचं नाव घेऊन बाबांनी हुंकार भरला आणि पांढरी राख हळूहळू लिंबासारखी पिवळी झाली. "आली! चमच्यात आली!" त्यांनी चमचा दिव्यावरून उचलला. बघता बघता पिवळा रंग विरला, राख पुन्हा पांढरीशुभ्र. "गेली!" लोकांनी हात जोडले. म्हातारीला तर लगेच हुशारी वाटू लागली.

मागे भिंतीशी आई आणि धाकट्या भावाला घेऊन भट्टीवाली उभी होती. तिला सगळे याच नावानं ओळखत, कारण रंगाच्या कारखान्यातली भट्टी सांभाळणारी ती एकटीच बाई. भावाला कावीळ होऊन दहा दिवस झाले होते. बाबांचे सात उतारे सांगितले होते, आजचा तिसरा. मध्ये दवाखान्याची पायरी चढलं तर उतारा उलटतो, अशी तंबी होती. आधीच्या दोन वेळा भट्टीवाली कामावर होती, आईच त्याला घेऊन आली होती.

आज सकाळी मात्र भावाला शर्टाची बटणं लावता येईनात. "आपण कुठं चाललोय?" हे त्यानं चारदा विचारलं, आणि बहिणीलाच "आई" म्हणून हाक मारली. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला कालच बजावलं होतं, "त्याला गुंगी आली, तो बरळायला लागला, तर एक ताससुद्धा घालवू नकोस." तिनं ते आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "सात म्हणजे सात. अर्धवट सोडून मला पोराचा जीव घालवायचा नाही."

तिला पहिला संशय आला तो बाबांच्या मानेचा. श्वास सोडायच्या आधी ते दर वेळी मान उजवीकडे वळवत.

"रोगाकडे तोंड करून श्वास सोडू नये, माई," बाबा शेजारच्या बाईला समजावत होते.

भट्टीवाली मनात म्हणाली, रोग कसला? ही तर आमची खोड! झिंक कार्बोनेटची पांढरी भुकटी भट्टीत तापवली की तिच्यातला वायू आणि पाणी उडून जातं आणि उरतं झिंक ऑक्साइड. ते इतकं बारीक, की केसाच्या जाडीत त्याचे हजाराच्या वर कण शेजारी शेजारी बसतील. समोर नुसता श्वास सोडला तरी भुर्रकन उडतं. म्हणून भट्टीवरचा माणूस सहा महिन्यांत मान वळवायला शिकतो, आणि पुढं घरी चहा गाळतानाही वळवतो.

आणि तो पिवळा रंग! कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं भट्टीतून ट्रे बाहेर काढला तर माल पिवळाधमक. माल बिघडला म्हणून घाबरून तिनं अख्खा ट्रे कचऱ्यात ओतला. साहेब हसून हसून बेजार झाले. "अगं, गरम आहे तोवर हे पिवळंच दिसतं. जरा निवू दे, मग बघ." कचऱ्याच्या डब्यात वाकून पाहिलं, तर सगळं पांढरं! तिची ही फजिती कारखान्यात अजून चघळली जाते.

ती गर्दीतून पुढं आली.

"बाबा, ज्याचं नाव घ्याल त्याचीच कावीळ चमच्यात येते ना?"

"त्याचीच, पोरी! दुसऱ्याची येईलच कशी?"

"आणि ज्याला कावीळच नाही त्याचं नाव घेतलं तर?"

"मग राख पांढरी ती पांढरीच. खोटं बोलायचं तिला ठाऊक नाही."

"मग भावाचा उतारा आज मी करते. रक्ताचं नातं आहे."

"करू द्या की, सख्खी बहीण आहे," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. बाबांनी आढेवेढे घेतले, पण तोवर चमचा तिच्या हातात आला होता. तिनं बाबांच्याच डबीतली नवी राख घेतली, चमचा दिव्यावर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे बाबांच्या खुर्ची, तुझी कावीळ बाहेर काढ!"

राख पिवळी झाली.

मग जिन्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, खुर्चीला कावीळ झाली!" आणि खोली हसण्यानं दणाणली. भट्टीवालीनं चमचा बाजूला धरला. राख पांढरी झाली. "खुर्ची बरी झाली," ती म्हणाली. तिला मात्र हसू येत नव्हतं. "मंडळी, ही भुकटी तापली की पिवळी आणि निवली की पांढरी. नाव कोणाचंही घ्या, नाहीतर घेऊच नका. बाबा, तुम्ही कुठल्या भट्टीवर होतात?"

"अविश्वासानं उतारा उलटतो!" बाबा ओरडले, पण बोलायच्या आधी त्यांची मान आपोआप उजवीकडे वळलीच.

"पण माझा नवरा इथंच बरा झाला," एक बाई म्हणाली.

"झाला असेल, काकू. साधी कावीळ विश्रांतीनं बरेचदा आपली आपण उतरते. श्रेय चमच्याला जातं. जी उतरत नाही, तिचं काय?" तिनं भावाकडे बोट दाखवलं. तो भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगत होता. "आई, हा बघ. चमचा पांढरा झाला. याचे डोळे झाले का?"

आईनं त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या. मग कोणाकडेही न बघता तिनं त्याला दंडाला धरलं. "रिक्षा बोलाव," ती म्हणाली.

भाऊ वाचला. त्याला अगदी वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. डोळ्यांतलं पिवळं ओसरायला पाच आठवडे लागले, आणि आई रोज सकाळी खिडकीपाशी नेऊन ते तपासायची.

आता ओळखीपाळखीत कोणी चमत्कार सांगायला आलं की आईच विचारते, "खुर्चीवर करून पाहिला का? आधी तो खुर्चीवर करून पाहा. आणि माणसाला तोवर दवाखान्यात न्या. माझे दहा दिवस फुकट गेले, तुमचे घालवू नका."