न बोलणारा रोगी

मित्रांनो, मी एक जुना रबरी रोगी आहे. रुग्णसेवा शिकवणाऱ्या एका शाळेत माझी खाट आहे; शिकणाऱ्या मुली माझ्यावर सराव करतात. कारखान्यात माझ्या अंगात वाळू भरून मला माणसाचे वजन दिले, सांधे बसवले. आवाज मात्र दिला नाही. त्यामुळे मी फार गुणी ठरलो. पाहुणे आले की शिकवणाऱ्या बाई माझी छाती थोपटून म्हणत, "हा आमचा सगळ्यात शहाणा रोगी!" मी सुखावत असे. पण माझा उजवा खांदा उसवत चालला होता, तिकडे कुणी पाहिले नाही.

एक दिवस मोठ्या रुग्णालयातल्या मुख्य सिस्टर आल्या. "तुमच्या मुली आमच्याकडे टिकत नाहीत. का ते बघायला आलेय."

मला संशय आला. उगाच कोण येते? बाईंनाही आला. "तयार माणसं हवीत, शिकवायची तोशीस मात्र नको, असंच ना?"

सिस्टरांची नजर मावशीवर गेली. मावशी म्हणजे वर्गातली सगळ्यात थोरली. नवऱ्यामागे घर तिच्या एकटीवर आले होते. त्याच रुग्णालयाने मागच्या आठवड्यात तिला कामावरून परत पाठवले होते.

"मावशी, याला वळवा."

मावशीने माझा हात धरून ओढला. खांद्यातून वाळू सांडली.

"मावशी, जीव घ्याल त्याचा!" मुली हसल्या.

सिस्टर हसल्या नाहीत. फाटलेल्या जागी बोट घालून म्हणाल्या, "हे एकीचं काम नाही. सगळ्याच हात ओढताय." मग मला खुर्चीत बसवून त्या स्वतः खाटेवर आडव्या झाल्या. "आता मला वळवा."

मला वाटले, सिस्टर मुद्दाम ओरडणार. मावशीने हात ओढला.

"आई गं! मागच्या आठवड्यात एक आजी अशाच कळवळल्या, मावशी."

"मग तेव्हाच सांगायचं की! तोंडातून शब्द न काढता घरी धाडलंत!"

"आणि मला तरी कळवलंत का?" बाई म्हणाल्या.

सिस्टर खाटेवरूनच म्हणाल्या, "चुकलं आमचं. म्हणूनच आलेय. हात ओढू नका, खांद्याला नि कमरेला आधार द्या."

मावशीने पदर खोचला. एक तळहात सिस्टरांच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली. "सिस्टर, आता डाव्या कुशीवर वळवते हं. दुखलं तर सांगा."

सिस्टर अलगद वळल्या. तशाच पडून म्हणाल्या, "सोमवारी कामावर या. थोडे दिवस आमची एक जुनी सिस्टर सोबत राहील."

"शिकतेय म्हणून फुकट राबवणार?" बाईंनी डोळे बारीक केले.

"पहिल्या दिवसापासून पगार."

"लिहून द्या."

सिस्टरांनी लिहून दिले. बाईंनी ते दोनदा वाचले.

मग मावशी माझ्याकडे आली. तिचा हात जवळ येताच मला धास्ती वाटली. ती वाकून म्हणाली, "उचलते हं, बाबा."

मित्रांनो, आजारी माणसाला हात लावण्याआधी एवढे सांगत जा. उत्तर येणार नसले तरी सांगा.