कमरेची सुरी

"कांदे चिरायला म्हणतेस, आणि कमरेला खोचली तर दिसायला नको म्हणतेस. कांदे काय कमरेवर चिरतेस गं?"

लोहारीण बोलली तशी धाकटीनं दचकून मागं गल्लीत बघितलं.

भर दुपारची वेळ तिनं मुद्दाम साधली होती. गल्लीत येजा नव्हती. समोरची गिरणी तेवढी धडधडत होती आणि ओट्यावर दळणाला बसलेल्या बायकांना एकमेकींचं बोलणंही ऐकू जात नव्हतं. तिला वाटलं, बरंच झालं. पण गुपित घेऊन कुणाच्या दारात आलो, याचा विचार करायचा राहून गेला. लोहाराचे कान घणाच्या आवाजानं कधीच गेले होते. त्याच्याशी बोलून बोलून लोहारणीचा गळा असा तयार झाला होता की, तिनं शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागितलं तरी अर्ध्या गावाला कळायचं की हिच्या घरातलं मीठ संपलंय.

"हळू बोला काकू."

"हळूच बोलतेय की!" लोहारीण ओरडली. "आणि विळा काय झाला तुझा? चांगला धार लावून दिला होता."

"परवा त्यानं हातातून काढून घेतला," धाकटी म्हणाली. " सहज, पोराच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसा. अंगठ्यानं धार बघितली, हसला आणि पाटाच्या दाराच्या चाकाला अडकवून ठेवला. म्हणाला, ये, घेऊन जा."

"गेलीस?"

"नाही. अजून तिथंच लटकतोय."

लोहारीण आत गेली आणि पोत्यात गुंडाळलेली पाती आणून तिच्यासमोर पसरली.

पहिली सुरी घडीची होती. मिटली की मुठीत गडप. धाकटीला तीच आवडली. तिनं उघडायला घेतली, पण नख खाचेत बसेना. बसलं तेव्हा पातं अर्ध्यावर अडलं.

"इथं सावलीत बसून ही तऱ्हा," लोहारीण म्हणाली. "तिथं हात थरथरायला लागल्यावर काय उघडशील? ठेव खाली."

दुसरी शिंगाच्या मुठीची, चकचकीत, बघत राहावी अशी. लोहारणीनं तिला हातच लावू दिला नाही. "ही लग्नात मिरवायची. तळव्याला घाम आला की माशासारखी सुटेल."

तिसरं पातं मोडक्या विळ्याच्या टोकाचं होतं. जेमतेम चार बोटं लांब, काळपट, बिनमुठीचं. धाकटीनं ते तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटली. बाहेरून काही दिसेना. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली. जन्मात कधी कोंबडी कापली नव्हती बाईनं. कुणी कापायला लागलं की परसात जाऊन उभी राहायची.

एवढा वेळ खाली मान घालून बसलेल्या लोहारानं आता तिच्या मिटलेल्या मुठीकडं बघितलं. हातातली सांडस बाजूला ठेवली.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"पाटकरी," धाकटी पुटपुटली.

"आँ?"

तिनं लोहारणीकडं बघितलं. लोहारणीनं छाती भरून श्वास घेतला. "पाटकरी! पाटाचं पाणी सोडतो तो! हिच्या अंगावर येतो! म्हणून लपवायला सुरी हवीय हिला!"

नेमका तेव्हाच गिरणीचा पट्टा घसरला. धडधड जागच्या जागी थांबली, आणि 'लपवायला सुरी हवीय हिला' एवढं एकटंच गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

ओट्यावरच्या सगळ्या बायका वळल्या. त्यांच्यात पिठाचा डबा मांडीवर घेतलेली थोरली जाऊ होती.

"शोभतं का हे?" थोरली तरातरा आली. "भावजींना कळलं म्हणजे?"

"त्यांना सांगितलंय फोनवर. म्हणाले, मग शेतात जाऊ नको."

"बरोबरच बोलले."

"आणि मका? आज पाण्याची पाळी आहे. आजची गेली तर कणसात दाणा भरायचा नाही."

"पाणी त्याच्याच हातात आहे ना बाई! जरा गोडीनं घ्यावं, हसून दोन शब्द..."

"मग तुम्ही चला ना जाऊबाई माझ्याबरोबर. तुम्ही हसा, मी पाणी धरते. सुरी नको घ्यायला."

थोरलीनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "माझे गुडघे धरलेत," म्हणाली आणि ज्या गुडघ्यांनी आली त्याच गुडघ्यांनी चटचट निघून गेली.

धाकटीनं पातं लोहारापुढं केलं. त्यानं मान हलवली. "मूठ बसवायचीय. उद्या ने."

"आज असंच द्या!" आता धाकटीही ओरडली.

"बिनमुठीचं पातं आधी तुलाच कापेल," तो म्हणाला आणि ते तिच्या हातातून काढून घेतलं.

उन्हं कलली तेव्हा ती खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला मका. वारा पडला होता, तरी पानं कुठंतरी एकमेकांना घासत होती. आवाज मागून येतोय की पुढून, कळत नव्हतं. ती थांबली की तोही थांबायचा.

पाटकरी दाराच्या कठड्यावर बसला होता. वरती चाकाला विळा.

"या वहिनी." तो हसला. "सुरी घेतली म्हणे."

बातमी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तिच्या आधीच पोचली होती. धाकटीचा हात आपसूक पदराखाली, कमरेवर गेला. तिथं नुसतं कापड होतं.

"दाखवा तरी. लोहारानं कशी काय बनवलीय."

"ती दाखवायची नाही," धाकटी म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही. "बघायची असेल तर जवळ या."

तो उठला. एक पाऊल टाकलं. तिनं हात तिथंच ठेवला. बोटं अशी आवळली की नखं तळव्यात रुतली. त्याची नजर तिच्या तोंडावरून हातावर आली आणि तिथंच राहिली. परवा हा हात त्याला दिसलाही नव्हता.

मग तो पाट ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला.

"गंमत केली हो," तो म्हणाला. हसू गेलं होतं. "घ्या पाणी. रोज थोडीच लक्षात राहणार आहे सुरी कमरेला लावायची? एखाद्या दिवशी राहीलच घरी. मी काय, इथंच असतो."

धाकटीनं फावडं खाली ठेवलं. तिच्या वावरात पाणी सोडायच्या बारीची फळी भिजून जड झाली होती. ती दोन्ही हातांनी उचलायची असते, एकानं हलत नाही. तिनं पाय रोवले आणि डाव्या हातानं ओढली. खांद्यात कळ गेली. पुन्हा ओढली. उजवा हात तिनं जागचा हलवला नाही.

फळी निघाली. पाणी गढूळ फेस घेऊन मक्यात शिरलं.

पलीकडच्या काठावर तो खाली बसला, गवताची काडी दातांत धरली आणि तिच्या त्या हाताकडं बघत राहिला. वावर भिजायला अजून बराच वेळ होता.