ताईने बटर सोडलं

ताईने बटर सोडलं तेव्हा का सोडलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि सगळी भानगड तिथेच झाली. दूध सोडलं, अंडी सोडली, मासे-मटण तर सोडलंच. त्या सगळ्यावर घरच्यांनी दोन दिवस नाकं मुरडली असती आणि विसरून गेले असते. बटरचं तसं नव्हतं. घरची बेकरी बटरवर उभी होती. आईने ती सुरू केली, आईच्या मागे ताईने चालवली, आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत केक म्हटलं की लोक याच दाराकडे बोट दाखवायचे.

या बेकरीची एक रीत होती. सकाळचा पहिला घाणा भट्टीतून निघाला की त्यातला एक केक कापायचा. पहिला तुकडा भट्टी सांभाळणाऱ्याने सगळ्यांदेखत खायचा, आणि त्याने मान डोलावली की मगच शटर वर करायचं. आधी आई खायची, मग ताई खाऊ लागली. एका सकाळी ताईने तुकडा कापला, नाकाशी नेला, बोटाने दाबून पाहिला आणि धाकट्या भावाच्या हातावर ठेवला.

"तू खा रे छोट्या. मी सोडलंय."

छोट्या हे नाव त्याला लहानपणी शोभायचं. आता पोट काउंटरला टेकत होतं, पण ताईच्या तोंडी तेच नाव बसलं होतं.

"काय सोडलंयस?"

"दूध, अंडी, बटर. सगळंच."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. मला वाटलं."

डॉक्टरांनी सांगितलं असतं तर सगळे हळहळले असते. वहिनीने, म्हणजे छोट्याच्या बायकोने, तिच्यासाठी वेगळं काहीतरी रांधलं असतं. पण 'मला वाटलं' म्हटल्यावर सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजारी माणसाला माफी असते, धडधाकट माणसाने आपल्या मनाने काही सोडलं की बाकीच्यांना उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. कुणी बोलावलेलं नसतं, तरी जो तो आपली बाजू मांडायला लागतो.

खरं कारण साधं होतं. दुधाच्या ऑर्डरसाठी ताई डेअरीच्या गोठ्यावर गेली होती. तिथे एका गाईचं वासरू गाडीत चढवत होते आणि गाय दावं ताणून हंबरत होती. ताई घरी आली, चहाचा कप तोंडाला लावला आणि तो घोट तिच्या घशाखाली उतरेना. बस, एवढंच. हे सांगितलं तर इतरांच्या तोंडचा घास कडू होईल, म्हणून ती गप्प बसली. आपण बोललो नाही तर कुणाला टोचणार नाही, असा तिचा हिशेब होता. बिचारीचा हिशेब साफ चुकला. ती बोलली नाही, म्हणून ती मनात काय म्हणत असेल ते प्रत्येकाने आपापल्या घरी बसून ठरवलं, आणि कुणीही चांगलं ठरवलं नाही.

छोट्या तिच्यासमोर बसून पावाला दुप्पट बटर थापू लागला. "आता आमच्या हातचा चहासुद्धा चालत नाही हो यांना," असं वहिनी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली. पीठ मळणाऱ्याला सगळे पैलवान म्हणत. त्याला वेगळीच काळजी. "ताई, पण मग अंगात ताकद कुठून येणार?" असं तो रोज विचारायचा, आणि तो विचारत असताना ताई मैद्याचं पोतं उचलून त्याच्या पुढ्यात ठेवत असायची. तरी त्याचं समाधान होईना. "आणि भाजीला जीव नसतो का?" हा त्याचा दुसरा प्रश्न. जन्मात कधी भाजीच्या जिवाची चौकशी न केलेला माणूस अचानक दुधीभोपळ्याचा वकील झाला होता!

ताईने हे सगळं मूग गिळून सहन केलं, कारण हातात भट्टी होती. केक ती आधीच्याच मायेने करत होती. बटर फेटत होती, अंडी फोडत होती, कुणाला एका शब्दाने बोलत नव्हती. पण एक दिवस रोजचं गिऱ्हाईक असलेल्या एका मास्तरांनी केकचा खोका उघडून वास घेतला आणि भर दुकानात विचारलं, "काय हो, तुम्ही स्वतः खात नाही ते आम्हाला विकता? त्यात असं काय आहे?"

सहा-सात माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, आणि तेच छोट्याला लागलं.

दुपारी त्याने ताईला मागच्या खोलीत गाठलं. "हे बघ, नर्सिंग कॉलेजच्या समारंभाची ऑर्डर तोंडावर आलीय. एवढी मोठी ऑर्डर आईच्या वेळीही आली नव्हती. केक मी बघतो. तू पावाकडे बघ."

"आणि ऑर्डर झाल्यावर?"

"नीट पार पडली तर पुढेही मीच बघेन. जी बाई खात नाही तिच्या हाताचा लोक विश्वास का धरतील? ताई, तू आईच्या केकवर थुंकलीस, असं वाटतं मला."

ताईला रडू आलं, पण ते छोट्यासमोर नाही. पावाच्या टेबलाशी जाऊन तिने पीठ असं काही आपटलं की पैलवान दोन पावलं मागे सरला. ज्या भट्टीसमोर ती उभी राहायला शिकली, आईचा हात धरून जिथे तिने पहिला केक फुगताना पाहिला, ती भट्टी तिच्याच भावाने तिच्याकडून काढून घेतली होती, आणि तीही कशासाठी, तर ती काय गिळत नाही यासाठी.

पावात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. बटरचा संबंध नाही. ताई त्या कोपऱ्यात राबू लागली आणि स्वतःपुरता तेलाचा हात लावून एक लहानसा पाव रोज भाजू लागली. इकडे छोट्या दर सकाळी पहिला तुकडा खायचा, मान डोलवायचा आणि "फक्कड!" म्हणून ओरडायचा. शटर वर जायचं.

ऑर्डरची सकाळ उजाडली. पहाटेपासून राबून छोट्याने केक काढले होते. सगळं टेबल भरून ते जाळीवर निवत होते आणि दिसायला एकाहून एक देखणे होते. सगळे खुशीत होते, आणि खुशीत माणसाला चावटपणा सुचतो. ताई भट्टीकडे वळली असताना छोट्याने तिच्या त्या लहानशा पावाच्या गोळ्यात बटरचा मोठा लपका कोंबला आणि पैलवानाला डोळा मारून गोळा नीट मळून घ्यायला लावला. वहिनीने पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. "बघू तर कळतं का," छोट्या कुजबुजला. "सगळी मनाची थेरं असतात."

पाव भाजून निघाला. ताईने तो तोडला, गरम वाफ निघाली, एक घास तोंडात घातला. तिघे तिच्या तोंडाकडे बघत होते.

ताई चावता चावता थांबली. बेसिनपाशी गेली, घास थुंकला, चूळ भरली आणि वळली. तिचा चेहरा पाहून पैलवानाचं हसू जिथल्या तिथे विरलं.

"यात बटर आहे. कुणी घातलं?"

"अगं गंमत केली," छोट्या म्हणाला. "एक घास गेला तर काय आभाळ कोसळलं?"

"आभाळ नाही कोसळलं. पण तू माझ्या तोंडात हात घातलास, छोट्या. मी कधी तुझ्या ताटातली वाटी सरकवली? तू माझ्यासमोर बटर थापत बसायचास, तेव्हा मी एकदा तरी तोंड वाकडं केलं?" तिचा आवाज चढला तसा तो भट्टीच्या आवाजावरून ऐकू जाऊ लागला. "राहू दे. ते आपण नंतर बघू. आधी हे सांग, हे बटर कुठलं?"

"कुठलं म्हणजे? केकमध्ये घातलं तेच."

"ते खवट आहे."

छोट्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग त्याला राग आला. "काहीतरीच! रोज खातोय आम्ही. आज सकाळी मी स्वतः केक चाखलाय. तुला आता बटर नकोच आहे, म्हणून तुला सगळंच खवट लागणार."

खरं तर एवढ्यावर ताई गप्प बसली असती. गेले कित्येक महिने ती गप्पच बसत आली होती. पण आज नव्या नर्स होणाऱ्या पोरींच्या समारंभात आईच्या बेकरीचा खवट केक जाणार होता, आणि तिने कंबर कसली.

"पैलवान, उकळतं पाणी आण. वहिनी, तू फ्रीजमधलं बटर आण, वापरातलं."

गार बटर वास दडवतं, हे आईने तिला शिकवलं होतं. ताईने बटरचा तुकडा भांड्यात टाकला आणि वरून उकळतं पाणी ओतलं. बटर वितळून वर तरंगलं, वाफ उठली. "या, घ्या वास. सगळ्यांनी."

छोट्या वाकला आणि "काही नाही" म्हणाला, पण जरा सावकाश म्हणाला. वहिनीने वास घेतला. तिने पुन्हा घेतला. नवऱ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे खवट आहे."

"तूसुद्धा?"

"मी काय करू? येतोय तर येतोय वास. जुन्या तेलासारखा."

पैलवान धावत फ्रीजपाशी गेला. दाराचं रबर खालच्या बाजूने सुटलं होतं आणि तिथून गारवा निघून जात होता. ऑर्डरसाठी आधीच भरून ठेवलेलं बटर एका दिवसात बिघडलं नव्हतं. रोज थोडं थोडं बिघडत होतं, आणि रोज तेच खाणाऱ्या जिभा त्याच्यासोबत थोड्या थोड्या सरावत होत्या. छोट्याने रोज खाल्लं, रोज फक्कड म्हटलं, आणि खोटंही बोलला नाही. बेकरीत एकच जीभ होती जिला बटरची सवय उरली नव्हती. त्या जिभेलाच त्यांनी फसवायला घेतलं होतं!

छोट्याने एक केक कापला. चूळ भरून तुकडा तोंडात घातला, आणि या वेळी त्याला कळलं. तो खाली बसला. "मेलो मी," तो म्हणाला. "दुपारी समारंभ आहे."

"मरायला वेळ नाही," ताई म्हणाली. "ऊठ. डेअरीला फोन कर, ताजं बटर पाठवा म्हणावं, आणि गाडी इथे पोचेपर्यंत फोन ठेवू नकोस. पैलवान, ते रबर बांध. वहिनी, तू अंडी फोडायला घे. हे सगळे केक टेबलावरून काढा, मला जागा हवी आहे."

आणि ती केकच्या टेबलाशी उभी राहिली. कुणी तिला विचारलं नाही की तू इथे कशी. ताजं बटर आलं तेव्हा तिने आधी गरम पाण्यात तुकडा टाकून वास घेतला, मग वहिनीला घ्यायला लावला, आणि मगच फेटायला घेतलं. तिचे हात असे चालत होते की पैलवान बघतच राहिला. ताकद कुठून येते हे त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. भट्टीचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि दर वेळी बेकरी त्या ओळखीच्या वासाने भरून जात होती. छोट्या साचे धूत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो सांगितलेलं काम मुकाट्याने करत होता.

केक वेळेत गेले. संध्याकाळी कॉलेजच्या मुख्य बाईंचा फोन आला. पोरींनी चुरासुद्धा ठेवला नव्हता, आणि पुढच्या वर्षीचा केक त्यांनी आत्ताच सांगून ठेवला. वहिनीने फोन ठेवला आणि टाळ्या पिटल्या. पैलवानाने शिट्टी वाजवली. ताई पोत्यावर पाय पसरून बसली होती. अंग ठणकत होतं, केसांत मैदा होता, आणि तिला इतका आनंद झाला होता की तो तिला लपवता येईना आणि लपवायचाही नव्हता. जिंकली होती ती, आणि एकही घास न गिळता जिंकली होती.

छोट्या येऊन शेजारच्या पोत्यावर बसला. नखातलं पीठ काढू लागला.

"पावाचं चुकलं माझं," तो म्हणाला. "परत नाही करणार."

"नाहीच करणार. हात मोडीन."

"ताई, एक विचारू? आम्ही खातो म्हणून तुला आमची किळस येते का?"

ताई त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणजे हे होतं तर! एवढं बटर थापणं, एवढे टोमणे, भट्टी काढून घेणं, सगळ्याच्या खाली हा एवढासा प्रश्न दबून बसला होता.

"वेड्या, इतके महिने हे पोटात ठेवलंस?"

"तू काही बोलतच नव्हतीस. मला वाटायचं, आईनेसुद्धा आयुष्यभर पाप केलं, असं तू मनात म्हणतेस."

"आईचं दूध पिऊन मोठी झालेय रे मी. तिला काय म्हणेन?" या वेळी ती त्याच्यासमोरच रडली. "मला जमत नाही म्हणून मी खात नाही. राग असता तर तुमच्यासाठी एवढं मन लावून बटर फेटलं असतं का?"

छोट्याने डोळे पुसले आणि तोंडभर पीठ लावून घेतलं. "मग आमच्याकडे बघून मनात म्हणायचीस तरी काय?"

"म्हणायचे, मेला केक बिघडवतोय माझा, आणि मला बोलता येत नाही."

तो हसायला लागला, तशी तीही हसली. वहिनी आतून काय झालं म्हणून डोकावली.

"मग आता बोल की," छोट्या म्हणाला.

"आता बोलणारच आहे. ऊठ, टेबल पुसून घे. तुकडा तू खा, चूळ भरून, पण उद्याचा पहिला घाणा माझा."

"माझा कुठे म्हणतोय मी," असं म्हणून छोट्या उठला आणि फडकं शोधायला गेला.